दिसला, नाही दिसला

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून आणलेली दोनशे पानी वही आता शिवणीत सुटली आहे. तिच्यातली पहिली नोंद 5 नोव्हेंबर 2005 ची: ‘हंसातला अल्बिरिओ. दोन तारे स्वच्छ. मोठा पिवळा, धाकटा निळा. दुर्बीण चालते!’ त्या उद्गारचिन्हाला कारण होतं. चार इंची आरसा मीच घासला होता, कार्बोरंडमच्या खरखरीत पुडीपासून सुरुवात करून आठ महिने. नळी पीव्हीसीची, बैठक प्लायवुडची. असल्या जुगाडातून काही दिसेल याची घरात कुणालाच खात्री नव्हती, आणि मला तर मुळीच नव्हती. शेजारच्या सातवीतल्या मुलीनं नेत्रिकेला डोळा लावला आणि म्हणाली, “काका, एक हळद आणि एक नीळ.” अल्बिरिओचं याहून नेमकं वर्णन मी नंतर कुठं वाचलेलं नाही.

त्याला वीस वर्षं झाली. मधल्या काळात समोरचा बंगला जाऊन तिथं अकरा मजले उभे राहिले आणि दक्षिणेचं अर्धं आकाश गेलं. रस्त्यावरचे पिवळे दिवे जाऊन पांढरे एलईडी आले. सोसायटीत एकदा तक्रारही झाली की हा माणूस रात्री दुर्बीण घेऊन नक्की काय बघतो. तक्रार करणाऱ्यांना वर बोलावून शनी दाखवला, ती मिटली. पण मी बघत होतो ते शनी नव्हे, जोडतारे.

शहरात राहणाऱ्याला आकाशानं निम्मंअधिक वाळीत टाकलेलं असतं. देवयानीची दीर्घिका माझ्या गच्चीवरून म्हणजे ओल्या फळ्यावरचा खडूचा डाग; तेजोमेघांचं तर नावच काढू नये. जोडताऱ्यांचं तसं नाही. ताऱ्याचा उजेड एका बिंदूत गोळा झालेला असतो, त्यामुळे पथदिव्यांच्या उजेडात तो बुडत नाही. पौर्णिमासुद्धा आड येत नाही. लागते ती फक्त स्थिर हवा, आणि ती कधी मिळेल हे पंचांगात लिहिलेलं नसतं. जून ते सप्टेंबर दुर्बीण चादरीत. पहिल्याच पावसाळ्यात एका नेत्रिकेला कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरली. तेव्हापासून नेत्रिका सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात राहतात. डिसेंबरच्या लखलखीत रात्री लोक म्हणतात, काय आकाश आहे! नेत्रिकेतून बघावं तर तारा उकळत्या दुधासारखा. माझ्या वहीतल्या सर्वोत्तम रात्री जवळजवळ सगळ्या एप्रिल-मेमधल्या आहेत: धुरकट, गढूळ, वारा पडलेल्या. त्यातही पहाटेच्या, कारण दिवसभर तापलेला गच्चीचा स्लॅब निवायला मध्यरात्र उलटावी लागते.

आता मापाचं बोलू. जोडताऱ्यातलं अंतर विकलेत मोजतात. अंशाची कला साठावा भाग, कलेची विकला साठावा. साधारण इंचभराचं नाणं पर्वतीच्या पायरीवर ठेवलं आणि कोथरूडमधून पाहिलं, तर ते जेवढं दिसेल तेवढी एक विकला. चार इंची आरशाला यापेक्षा किंचित जास्त, सुमारे 1.15 विकला अंतरावरचे दोन सारखे तारे जेमतेम वेगळे करता येतात. आरसा कितीही सुरेख घासला तरी ही मर्यादा ओलांडता येत नाही. प्रकाशाचा स्वभावच तसा आहे.

कन्या राशीतला पोरिमा मी निवडला तो या मर्यादेमुळेच. दोन जवळपास सारख्या तेजाचे तारे, सुमारे 169 वर्षांत एकमेकांभोवती एक फेरी. 2005 मध्ये ते सर्वांत जवळ आले होते, अंतर जेमतेम 0.4 विकला. माझी दुर्बीण तयार झाली त्याच वर्षी हा जोडतारा माझ्या आवाक्याबाहेर मिटलेला होता, आणि पुढची काही वर्षं तो हळूहळू उघडत जाणार होता. सूर्यमालेपलीकडे अशी हालचाल साध्या माणसाला स्वतःच्या डोळ्यांनी, स्वतःच्या आयुष्यात बघायला मिळावी, ही गोष्ट मला तेव्हाही लॉटरी लागल्यासारखी वाटली होती. आजही वाटते.

वहीतली पोरिमाची पानं अशी चालतात. मे 2006: ‘एकच.’ एप्रिल 2007: ‘एकच.’ आणि 12 एप्रिल 2008: ‘फुटला! दोन तारे, पूर्व-पश्चिम, मध्ये काळी फट!’ शेजारी चित्र. त्या रात्री मी बायकोला उठवलं होतं. तिनं बघितलं, “हो, दोन वाटतात” म्हणाली आणि जाऊन झोपली.

ते दोन नव्हते. माझी बैठक हाताने ढकलायची, तिला मोटर नाही. तारा नजरेच्या टप्प्यातून सरकत जातो ती दिशा पश्चिम, एवढ्यावर दिशा ठरते. काही दिवसांनी कक्षेचा तक्ता पाहिला तर पोरिमाची जोडी त्या वर्षी उत्तर-दक्षिणेकडे झुकलेली होती. माझी रेघ आडवी. मग चित्रा ताऱ्यावर दुर्बीण लावली आणि तोही पूर्व-पश्चिम लांबट! आरसा धरून ठेवणारे तीन चाप मी हिवाळ्यात जास्त आवळले होते, त्यानं आरसा चिमटला होता आणि आकाशातला प्रत्येक तारा थोडाथोडा ‘फुटत’ होता. पोरिमा फुटायला हवा असं मला वाटत होतं, म्हणून तेवढ्या एकाचंच मी ऐकलं. काळी फट मात्र कुठून आली? ती मी मनानं काढली होती, दुसरं उत्तर नाही.

ते पान फाडलं नाही. त्यानंतर एक नियम केला: कुठल्याही जोडताऱ्याची दिशा आणि अंतर आधी वाचायचं नाही. आधी बघायचं, चित्र काढायचं, मग तक्ता उघडायचा. नियम सोपा वाटतो, पाळायला छळतो. 2009 मध्ये ‘लांबट, कदाचित’. 2010 च्या मेमध्ये, दोनशे पटींच्या वर्धनात, पहाटे साडेतीनला: ‘दोन. चिकटलेले, पण दोन.’ तक्त्याशी दिशा जुळली. अंतर तेव्हा दीड विकलेच्या आसपास होतं. या वेळी मी कुणाला उठवलं नाही.

दोन तारे एकमेकांभोवती फिरतात हे विल्यम हर्शलनं मांडलं 1803 मध्ये, आणि त्याचा मुख्य साक्षीदार होता पुनर्वसूतला कॅस्टर. गंमत अशी की 1779 मध्ये त्यानं जोडतारे गोळा करायला सुरुवात केली ती वेगळ्याच हेतूनं. अंधुक तारा फार मागे आणि तेजस्वी पुढे, असं धरून त्याला ताऱ्यांची अंतरं काढायची होती. ती निघाली नाहीतच. याच शोधयात्रेत, बाथ गावातल्या घरामागच्या बागेतून, 1781 च्या मार्चमध्ये त्याला युरेनस मात्र सापडला.

पण या वीस वर्षांत मला जो माणूस सर्वांत जवळचा झाला तो हर्शल नव्हे. तो इथला, म्हणजे पुण्यात राहिलेला: विल्यम स्टीफन जेकब, बॉम्बे इंजिनिअर्सचा अधिकारी. 1842 मध्ये त्यानं पुण्यात स्वतःच्या खर्चानं वेधशाळा उभारली. डॉलंडची पाच फुटी दुर्बीण होती. नोव्हेंबर 1845 ते फेब्रुवारी 1848 या काळात त्यानं पुण्यातून 244 जोडताऱ्यांची मापं घेतली आणि त्यांची सूची छापली. पुण्यात आकाशनिरीक्षणाचा विषय निघाला की आपण ज्योतिर्विद्या परिसंस्थेच्या 1944 पासून सुरुवात करतो, ते योग्यच आहे. पण त्याच्या शतकभर आधी याच आकाशाखाली कुणी जोडतारे मोजत बसला होता, हे मला कळलं तेव्हा मी वही मिटून बराच वेळ नुसता बसलो होतो.

वृश्चिकाच्या डोक्याजवळ न्यू स्कॉर्पी म्हणून तारा आहे. छोट्या दुर्बिणीतही त्याचे दोन भाग सहज दिसतात, अंतर एकेचाळीस विकला. त्यातला अंधुक भाग स्वतःच दुहेरी आहे, हे जेकबनं पुण्यात टिपलं 1847 मध्ये. मला तो अंधुक भाग दुहेरी दिसायला 2013 ची एक पहाट लागली. आणि एक साधी वजाबाकी. पोरिमा याआधी मिटला होता 1836 मध्ये; त्या वर्षी केप ऑफ गुड होपला असलेल्या विल्यमच्या मुलाला, जॉन हर्शललाही तो एकच दिसला होता. म्हणजे जेकबच्या पुण्यातल्या त्या सव्वादोन वर्षांत हा जोडतारा जेवढा उघडलेला होता, तेवढाच तो मला 2014 ते 2017 या वर्षांत दिसत होता. एक पूर्ण फेरी मारून तो परत आमच्या गावावरून चालला होता.

जेकब पुढे मद्रास वेधशाळेचा प्रमुख झाला आणि तिथं त्याचंही ‘12 एप्रिल’ झालं. 1855 मध्ये त्यानं जाहीर केलं की भुजंगधारीतल्या 70 ओफ्युकी या जोडताऱ्याच्या हालचालीत खोट आहे, आणि ती न दिसणाऱ्या ग्रहामुळे असावी. परक्या ताऱ्याभोवती ग्रह असल्याचा हा फार जुना दावा. तो टिकला नाही. एवढ्या काटेकोर माणसाचं असं व्हावं याचा मला थोडा आधारच वाटतो, हे कबूल करतो. 1862 मध्ये तो नऊ इंची दुर्बिणीसह पुण्याजवळच्या डोंगरात वेधशाळा काढायला परत आला. 8 ऑगस्टला मुंबईत उतरला, 16 ऑगस्टला पुण्यात वारला.

दक्षिणेचं आकाश इमारतीनं खाल्ल्यावर मी मे महिन्यात दुर्बीण गाडीत घालून मालवणला नेऊ लागलो. कारण मित्र. नरतुरंगातला हा तारा पुण्याहून क्षितिजाच्या जेमतेम अकरा अंश वर येतो, मालवणहून तेरा. दोन अंशांसाठी चारशे किलोमीटर जाणं हा वेडेपणा आहे, पण किनाऱ्यावर दक्षिण मोकळी मिळते. मित्र जोडतारा आहे हे कळलं तेही आपल्याच बाजूला: 1689 च्या डिसेंबरात पाँडिचेरीत रिशो नावाचे जेझुइट पाद्री बारा फुटी दुर्बिणीतून धूमकेतू बघत होते, तेव्हा. 2016 मध्ये या जोडीतलं अंतर आकसून 4 विकलांवर आलं होतं, आणि क्षितिजालगतच्या हवेनं ते दोघे म्हणजे तांबड्या-हिरव्या झालरीचे दोन गोळे झाले होते. ‘दिसले, पण असे बघू नयेत’ अशी नोंद आहे. तेव्हापासून ते दर वर्षी सुटे होत आहेत; 2029 मध्ये अंतर दहाच्या थोडं वर जाईल.

दरम्यान हळद आणि नीळ म्हणणारी ती मुलगी मोठी झाली. तिच्या लग्नाला गेलो होतो. भर दुपारी हॉलमध्ये गुरुजींनी पीओपीच्या छताकडे बोट दाखवून अरुंधतीदर्शन करवलं. आधी जवळचा मोठा तारा दाखवायचा, मग त्याच्या आधारानं बारीक, अशी ही जुनी रीत. शास्त्रकारांनी तिचा न्यायच करून ठेवला आहे. “दिसली?” गुरुजींनी विचारलं. नवरदेव लगेच “दिसली” म्हणाला. तिनं मान हलवली, आणि नंतर जेवताना माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “काका, नाही दिसली.” वसिष्ठ-अरुंधती डोळ्यांनी वेगळे दिसतात, त्यांच्यात जवळपास बारा कला अंतर आहे, दुर्बिणीतून वसिष्ठ स्वतःच चौदा विकलांवरचे दोन तारे होतो. पण ते रात्री.

ज्येष्ठेचा सोबती वहीत एकदाच आहे, मे 2019, उजाडताना. तांबड्या झगमगाटाच्या कडेला अडीच-पावणेतीन विकलांवर हिरवट टाचणीचं टोक. हिरवेपणा खरा नाही, शेजारच्या तांबड्यानं डोळ्याला दिलेला भास आहे. तरी मी ‘हिरवा’ असंच लिहिलं, कारण दिसला हिरवाच.

व्याधाच्या पानावर मात्र 31 नोंदी आहेत आणि सगळ्या एकाच शब्दात. व्याधाचा श्वेतबटू सोबती अल्वन ग्रॅहम क्लार्कला 1862 च्या जानेवारीत दिसला तो साडेअठरा इंची भिंगातून. सध्या तो अकरा विकलांवर आहे, म्हणजे कागदावर पोरिमाच्या तिप्पट सोपा. पण व्याध त्याच्याहून सुमारे दहा हजार पट तेजस्वी आहे. नेत्रिकेत मध्ये फॉइलची पट्टी लावली, संध्याकाळच्या उजेडात बघितलं, नळीला षट्कोनी तोंड लावलं. नाही. 2021 मध्ये एका मित्राला दिसला, त्याच्याकडे दहा इंची दुर्बीण आहे. माझ्या दुर्बिणीत त्यालाही दिसला नाही. आता बत्तिसावी नोंद या हिवाळ्यात.

पोरिमा आज साडेतीन विकलांच्या आसपास आहे. त्याला आता माझी दुर्बीण लागत नाही. कित्येक घरांच्या माळ्यावर हॅलेच्या किंवा हेल-बॉपच्या वेळी घेतलेली साठ मिलिमीटरची दुर्बीण पडून असते, तीसुद्धा पुरेल. भिंग कोरड्या मऊ ब्रशनं झटका. मेच्या मध्यात रात्री दहाच्या सुमारास चित्रा आणि सिंहाच्या शेपटीतली उत्तरा यांच्या साधारण मधोमध बघा, वर्धन शंभरच्या पुढे ठेवा आणि तारा सरकू द्या. कोणत्या दिशेला दोन दिसतात ते आधी वाचू नका. दिसले तर चित्र काढा, नाही दिसले तर तारीख घालून ‘नाही’ लिहा.