पुंगळीचं माप

अमेरिकेतल्या शेतकऱ्यांच्या तोंडी ‘वर्मिंट’ असा एक शब्द असतो. पिकाची, कुरणाची नासाडी करणारा बारका प्राणी म्हणजे वर्मिंट. पूर्वेकडच्या राज्यांत बिळं करणारा ग्राउंडहॉग, पश्चिमेच्या कुरणांत प्रेअरी डॉग. नावात डॉग असला तरी तो कुत्रा नव्हे. खारीच्या कुळातला, जेमतेम किलोभर वजनाचा जीव. त्यांना मारावं की नाही, यावर तिथेही वाद आहे, आणि नुसत्या करमणुकीसाठी मारणं मला तरी पटत नाही. पण तीनशे यार्डांवरच्या एवढ्याशा निशाण्यासाठी जी रायफल तयार झाली, तिचे हौशी लोक काडतुसं घरी स्वतः भरतात. आज बोलायचं आहे ते या भरण्याबद्दल. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं १९५९च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, तेव्हा हे सारं समजून घेण्यापुरतंच.

विषय वाटतो तितका परका नाही. १९५० साली रेमिंग्टन कंपनीच्या माइक वॉकर यांनी ‘पॉइंट २२२’ नावाचं काडतूस आणलं. प्रेअरी डॉगवाल्यांनी आणि नेमबाजांनी ते उचलून धरलं. तेच थोडं लांबवून पुढे ५.५६ मिलिमीटरचं लष्करी काडतूस झालं. आपल्या इन्सास रायफलीसाठी जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या कारखान्यात बनत आलेली काडतुसं याच कुळातली.

काडतुसाचे भाग चार. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारा प्रायमर, आत दारू आणि तोंडात बसवलेली गोळी. बार झाला की बाकीचं संपतं. पुंगळी तेवढी शाबूत उरते आणि पुन्हा भरता येते. यात पैसे वाचतात हे खरं, पण हौशी माणसाला त्याहून हवा असतो तो सारखेपणा. पहिल्या काडतुसात आणि पन्नासाव्यात फरक पडता कामा नये. दारू मोजतात ग्रेनमध्ये. जुन्या सोनारांच्या हिशेबात तोळ्याच्या ९६ गुंजा, आणि इंग्रजांनी तोळा १८० ग्रेनचा ठरवला होता. म्हणजे ग्रेन गुंजेच्या निम्म्याहून जरासा जास्त. हे लोक त्या ग्रेनच्याही दहाव्या भागापर्यंत तोलतात. मात्रा मोजण्यात उमर घालवलेल्या माझ्यासारख्याला हे वेड ओळखीचं वाटतं.

पण तोललेली दारू सारखी असून भागत नाही. पुंगळीच्या गळ्याने गोळी किती घट्ट धरली आहे, यावरही वेग अवलंबून असतो. वारंवार फुगून-दाबून पितळ कडक होतं, आणि मग प्रत्येक गळ्याची पकड वेगळी. यावरचा उपाय कुठल्याही तांबटाला विचारा. ठोकून कडक झालेलं भांडं तो तापवून मऊ करून घेतो. इथेही गळा तेवढा तापवायचा. बूड तापलं तर मऊ पडून पुंगळी कायमची निकामी.

आता मुख्य मुद्दा, पुंगळी बसते कशी हा. नळीच्या मागच्या टोकाला काडतुसासाठी कोरलेली जागा म्हणजे चेंबर. बार होताना पितळ फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटतं आणि गरम वायू मागे येऊ देत नाही. दाब उतरला की ते किंचित आकसतं, म्हणून पुंगळी ओढून काढता येते. पण मूळच्या मापावर येत नाही. उडालेली पुंगळी हा जणू त्या एका चेंबरचा साचाच असतो. आणि एकाच नमुन्याच्या दोन रायफलींची चेंबरंसुद्धा तंतोतंत सारखी नसतात, कारण ती कोरणारं हत्यार झिजत जातं. अमेरिकेत १९२६ साली स्थापन झालेली ‘सामी’ ही संस्था चेंबर आणि काडतूस दोन्हींच्या मर्यादा ठरवते. कारखान्याचं काडतूस त्या मर्यादेतल्या प्रत्येक चेंबरात जायला हवं, म्हणून ते तयार कपड्यासारखं थोडं सैल असतं.

घरी भरणारा माणूस शिंप्याचं काम करतो. पुंगळीला बाटलीसारखे खांदे असतात. ते चेंबरच्या खांद्याला टेकतात आणि बूड मागच्या बोल्टला. ही जागा किती, याला हेडस्पेस म्हणतात. पोलादी साच्यात दाबताना खांदा इंचाच्या एक-दोन सहस्रांशांनी मागे गेला की पुरे; माणसाचा केससुद्धा बहुधा याहून जाड असतो. अजिबात न दाबता नुसता गळा आवळणारेही आहेत. पण काही बारांनंतर त्यांचा बोल्ट जोर लावल्याशिवाय मिटत नाही, आणि जोर लावला की रायफल हलते, नेम जातो.

याच्या उलट, फार दाबलं तर गाठ जिवाशी असते. पुंगळी चेंबरात आखूड पडते. बार होताना तिचा पुढचा भाग भिंतीला चिकटून राहतो, बूड मागे सरकतं आणि मधलं पितळ ताणलं जातं. दर बाराला थोडं थोडं. शेवटी बुडाच्या जरा वर आतून खाच पडते, बाहेरून एक चकचकीत कडी दिसू लागते. तीच पुंगळी पुन्हा भरली तर बारात दोन तुकडे होतात आणि तापलेला वायू बोल्टच्या फटीतून डोळ्यांवर येऊ शकतो. म्हणून महागड्या उपकरणांच्या शेजारी जाणत्या माणसाच्या टेबलावर कागदाला लावायच्या क्लिपची एक वाकवलेली तार असते. ती पुंगळीत घालून तो आतली भिंत वरून खाली चाचपतो. तार अडखळली की पुंगळी भंगारात.