रुग्णाची खालावती प्रकृती : ओळख आणि प्रतिसाद

प्रस्तावना :
रुग्णालयातील सर्वसाधारण वॉर्डात एखाद्या रुग्णाचे हृदय 'अचानक' बंद पडले, असे म्हटले जाते. प्रत्यक्षात अनेकदा त्यापूर्वी काही तास श्वसनगती, नाडी, रक्तदाब व शुद्धी यांत बदल होत असतात. हे बदल ओळखणे आणि त्यानंतर योग्य व्यक्तीस बोलावणे या दोन भिन्न क्रिया आहेत. प्रस्तुत लेखात ब्रिटन व ऑस्ट्रेलियातील अनुभवांच्या आधारे त्यांचा परस्परसंबंध स्पष्ट केला आहे.

ओळखीचे साधन :
ब्रिटनमधील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये 'नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर' ही गुणांकन पद्धती प्रसिद्ध केली व २०१७ मध्ये तिच्यात सुधारणा केली. श्वसनगती, रक्तातील प्राणवायूचे प्रमाण, रक्तदाब, नाडी, शुद्धी व तापमान या सहा बाबींना प्रत्येकी ० ते ३ गुण दिले जातात. रुग्णास कृत्रिमरीत्या प्राणवायू दिला जात असल्यास आणखी २ गुण मिळवले जातात. बेरीज ५ झाल्यास तातडीची तपासणी, तर ७ किंवा अधिक झाल्यास आणीबाणीचा प्रतिसाद अपेक्षित असतो.

उदाहरणार्थ, श्वसनगती मिनिटास २४ (२ गुण), प्राणवायू ९५ टक्के (१), वरचा रक्तदाब १०५ (१), नाडी ११२ (२), तापमान ३८.४ अंश सेल्सिअस (१) आणि रुग्ण पूर्ण शुद्धीत (०). यांपैकी एकही आकडा स्वतंत्रपणे भीतिदायक वाटत नाही. तथापि बेरीज ७ होते. श्वास मोजलाच नाही, तर हीच बेरीज ५ वर येते. म्हणूनच पूर्ण मिनिट श्वास मोजणे ही केवळ औपचारिकता नव्हे.

प्रतिसादातील अडथळे :
ऑस्ट्रेलियातील २३ रुग्णालयांत झालेल्या व २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'मेरिट' अभ्यासात तातडीच्या वैद्यकीय पथकाची व्यवस्था तपासण्यात आली. पथकास बोलावण्याचे प्रमाण वाढले. परंतु हृदय बंद पडणे, अनपेक्षित मृत्यू इत्यादींत लक्षणीय घट आढळली नाही. निकष पूर्ण होऊनही अनेक रुग्णांसाठी पथकास बोलावलेच गेले नव्हते. वरिष्ठांची नाराजी, कामाचा ताण आणि 'थोडे थांबून पाहू' ही वृत्ती यांमुळे परिचारिकेचा हात दूरध्वनीपर्यंत पोहोचत नाही. निश्चित गुणांक असल्यास तिच्या शंकेस अधिकृत आधार मिळतो.

मात्र गुणांकात सर्वच काही उतरत नाही. २०२१ मध्ये लंडनमध्ये मार्था मिल्स या १३ वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला. पालकांनी व्यक्त केलेल्या काळजीची पुरेशी दखल घेतली गेली नव्हती. त्यानंतर २०२४ पासून इंग्लंडमधील रुग्णालयांत 'मार्थाचा नियम' लागू होऊ लागला. त्यानुसार कर्मचारी, रुग्ण व नातेवाईक यांना स्वतंत्र पथकाकडून तातडीच्या फेरतपासणीची मागणी करता येते.

निष्कर्ष :
मोजणे, नोंदवणे, कळवणे व धावून येणे ही एकच साखळी आहे. तक्ता अचूक भरला, परंतु कोणी आलेच नाही, तर ती नोंद केवळ ऱ्हासाची साक्ष ठरते. बोलावणाऱ्यास निर्भयता लाभणे, हाच या व्यवस्थेचा खरा आधार होय.