प्रिव्हेंज

प्रिव्हेंज : कृष्णसुखात्मिका या प्रकारातील ब्रिटिश चित्रपट (२०१६). लेखन, दिग्दर्शन व प्रमुख भूमिका ॲलिस लो (१९७७ – ) हिची. ‘जन्मपूर्व’ व ‘सूड’ या अर्थांचे इंग्रजी शब्द सांधून हे नाव बनविले आहे. चित्रीकरण अवघ्या अकरा दिवसांत, मुख्यतः वेल्समधील कार्डिफ येथे झाले. त्या वेळी लो स्वतः गरोदर होती. गरोदरपणामुळे आपले काम सुटेल, ही तिची धास्तीच या कथेचे मूळ होय.

कथानायिका रूथ हिचा जोडीदार गिर्यारोहण करीत असताना मरण पावलेला आहे. इतरांचा जीव वाचावा म्हणून त्याचा दोर कापण्यात आला. प्रसूतीचे दिवस भरत आले असता पोटातील मुलगी तिच्याशी बोलू लागते आणि त्या मृत्यूला जबाबदार असणाऱ्यांना एकेक करून मारावयास सांगते. इकडे सुईण, बाळालाच सारे कळते, त्याचे ऐकावे, असा प्रेमळ सल्ला देते. विनोद उपजतो तो या विसंगतीतून. आयुर्वेदात गर्भिणीला ‘दौहृदिनी’, म्हणजे दोन हृदये असलेली, म्हटले आहे व गर्भाची इच्छा तिच्या डोहाळ्यांतून प्रकट होते, असे मानले आहे. येथे डोहाळे रक्ताचे आहेत, एवढाच फरक! गर्भवतीला नोकरी नाकारणारी अधिकारी स्त्री तिच्या तावडीत सापडते, तो प्रसंग चित्रपटातील सर्वांत बोचरा म्हणता येईल.

रोझमेरीज बेबी (१९६८) या रोमान पोलान्स्कीच्या चित्रपटात गर्भवती ही इतरांच्या कारस्थानाची बळी आहे. प्रिव्हेंजमध्ये भयाचे उगमस्थान तीच ठरते. आपल्या देहावर आता आपली सत्ता उरली नाही, पूर्वीची मी पुन्हा सापडणार नाही, या भावना मातृत्वाच्या गौरवगीतांत सहसा उच्चारल्या जात नाहीत; रूथच्या शोकात त्या मिसळतात आणि बाळाचा आवाज धारण करतात. हत्यांची साखळी मधूनमधून एकसुरी होते, हे खरे. पण शोकाची धार कमी होत नाही. शस्त्रक्रियेने प्रसूती झाल्यावर रूथच्या हाती येते ते चारचौघांसारखे तान्हे मूल. आवाज थांबतो, सूडाची ओढ मात्र थांबत नाही. म्हणजे ती तिचीच होती.

लो हिने यापूर्वी साइटसीअर्स (२०१२) या अशाच काळ्या विनोदाच्या चित्रपटाचे सहलेखन केले होते. प्रिव्हेंज व्हेनिस महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात प्रथम दाखविण्यात आला (२०१६). अखेरच्या प्रसंगांतील तान्ही मुलगी ही लो हिचीच कन्या होय.