दातेरी चाकांची सम

बडोद्याच्या जुन्या घरांतून सिल्वासा म्हटले की २ ऑगस्ट १९५४ ची आठवण निघते, आणि तिच्यामागोमाग त्या मुक्तिसंग्रामात उतरलेल्या सुधीर फडक्यांची. माझे तिकडे जाणे झाले ते मात्र गाण्यासाठी नव्हे. सिल्वासाजवळ दमणगंगेकाठी राखोली म्हणून गाव आहे. तेथे सुट्टीत मुलांना यंत्रमानवाची प्राथमिक ओळख करून देणाऱ्या माझ्या आतेभावाने बोलावले होते. ‘‘दादा, एकदा येऊन बघ. चाके फिरतात, पण मुलांच्या डोक्यात काही फिरत नाही!’’

मुलांपुढे एक खोका होता. पुस्तिकेतले चित्र पाहून त्यांनी घटकाभरात गाडी जुळवली, ती धावली, टाळ्या झाल्या. मोठ्या चाकाला लहान चाक का जोडले, असे विचारताच सगळे पुस्तिकेकडे पाहू लागले. २०१६ पासून देशभरच्या हजारो शाळांत सहावी ते बारावीच्या मुलांसाठी अटल टिंकरिंग प्रयोगशाळा निघाल्या, हे चांगलेच झाले. पण पेटी विकत घेऊन कोणी गवई झाल्याचे ऐकिवात नाही.

मी गाडी सोडवायला लावली. १६ दात्यांचे एक आणि २४ दात्यांचे एक, अशी दोन चाके घेतली, दोहोंवर खडूची खूण केली आणि खुणा समोरासमोर आणल्या. एकाने लहान चाक फिरवायचे, खुणा पुन्हा भेटल्या की बाकीच्यांनी टाळी द्यायची. लहान चाकाचे ३ फेरे झाले, मोठ्याचे २, आणि ४८ व्या दात्यावर टाळी पडली. तबल्यावर हात टाकलेल्या वाचकांनी ओळखले असेलच: दोनात तीन, ही आड लय, आणि खुणा भेटल्या ती सम. मुलांना मी नाव सांगितले नाही, बाकावर एका हाताने दोन आणि दुसऱ्याने तीन वाजवून दाखवले. दोघांना ते लगेच जमले. तारपा नाचणाऱ्या घरांतली मुले ती. लय काय, त्यांना मी शिकवणार!

चाकांचे दुसरे गुपित जोराचे. ८ दाते २४ दात्यांना फिरवू लागले की वेग तिसऱ्या हिश्शावर येतो आणि जोर, घर्षणात जाईल तो सोडला तर, तिप्पट होतो. अशा खोक्यांतली ती पिवळी मोटर उघडली तर आत दातेरी चाकांची साखळीच असते: आतले ४८ फेरे, तेव्हा बाहेर एक. वेग विकून जोर घ्यायचा, एवढाच तो व्यवहार.

सीमोर पॅपर्ट हे मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा सिद्ध करणाऱ्यांपैकी एक. १९८० च्या आपल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत ते लिहितात की, लहानपणी दातेरी चाकांवर त्यांचे प्रेम जडले आणि पाढे व समीकरणे त्या चाकांतूनच कळली. मात्र प्रत्येक मुलापुढे चाके ठेवली म्हणजे तसेच घडेल, असे ते मानत नाहीत. आपल्या गावात १८८६ ची गायनशाळा आणि १८९० चे कलाभवन जवळजवळ पाठोपाठ निघाले. पण ताल शिकणारा मुलगा यंत्रशाळेत डोकावला, असे आमच्या पिढीत तरी क्वचितच झाले.

दुपारी आज्ञावलीचा धडा. मोटरीला काडी बांधून डबा वाजवायचा होता. मी तिहाई दिली: पाच मात्रांचा तुकडा, मग दम, असे तीनदा, शेवटचा ठोका त्रितालाच्या समेवर. संगणकाला तुकडा एकदाच सांगायचा आणि वर लिहायचे, ‘तीन वेळा करा’. एका मुलाने दम दोन मात्रांचा लिहिला. बाकीचे हाताने ताल धरून होते. डबा समेवरून पुढे जाऊन तिसऱ्या मात्रेवर थांबला.

मुलगा माझ्याकडे भीतीने पाहू लागला. तो चेहरा मला ओळखीचा होता. दरबारी शिस्तीत वाढलेल्या माझ्या वडिलांपुढे सम चुकली की दोन दिवस तबल्याला हात लावायची बंदी. पुढे मैफलीत याच्या उलट अनुभव आला. साथीदार चूक झाकून घेई, आणि ती चूक होती हे मला कितीतरी वर्षांनी कळे. यंत्र रागावले नाही आणि सांभाळूनही घेतले नाही. मी काही बोललो नाही. मुलाने बोटांवर मोजले: पाच, दोन, पाच, दोन, पाच. एकोणीस! ‘‘सर, दोन नाही, एकच.’’ आकडा बदलला आणि डबा सतराव्या मात्रेला, म्हणजे नेमका समेवर, वाजला.

‘‘सात मात्रांत बसेल का?’’ त्याने विचारले. ‘दोनचा तुकडा, एकचा दम’ असे मी सांगणारच होतो, तोच आतेभावाने डोळ्यांनी दटावले. वापीची गाडी गाठायला उठलो तेव्हा तो अजून बोटे मोजत होता.