वीज ओढवून घेणारे रॉकेट
(लेखांक सहावा)

गेल्या भागात टाक्या भरण्याची धांदल पाहिली. अंतराळवीर पट्टे आवळून बसले, टाक्या भरत आल्या, तरी हवामान अधिकाऱ्याने नाही म्हटले की सगळे जिथल्या तिथे थांबते.

२७ मे २०२० रोजी फ्लोरिडातल्या केनेडी अवकाश केंद्रावर असेच झाले. ३९-ए तळावर फाल्कन-९, आत डग हर्ली आणि बॉब बेन्केन, पाहायला खुद्द राष्ट्राध्यक्ष ट्रम्प. सतरा मिनिटे उरली असताना उड्डाण रद्द! दहाएक मिनिटे थांबता आले असते तर आभाळ निवळलेही असते. पण अवकाश स्थानक गाठायचे तर निघण्याचा क्षण ठरलेला. तो चुकला की त्या दिवशीचे उड्डाण गेले. यान उडाले ते ३० मे रोजी, आणि त्या दिवशीचा अंदाजही निम्मानिम्माच होता.

धास्ती होती ती रॉकेटच वीज ओढवून घेईल याची. ढगात भार साठलेला असतो, पण आपणहून वीज पडण्याइतका नसतो. त्यात धातूचे उंच रॉकेट शिरते, मागे ज्वाळेचा लांबलचक झोत. तप्त वायूतूनही वीज वाहते, त्यामुळे विजेला आयती वाट मिळते.

हे कळले ते अपोलो-१२ मुळे. १४ नोव्हेंबर १९६९, तळ हाच, पाऊस पडत होता आणि राष्ट्राध्यक्ष निक्सन आलेले. ११० मीटर उंचीचे सॅटर्न-५ निघाले आणि ३६ व्या सेकंदाला वीज, ५२ व्याला पुन्हा! ह्यूस्टनच्या पडद्यांवर नुसते निरर्थक आकडे. २६ वर्षांच्या जॉन ॲरनला तसलेच आकडे एका जुन्या चाचणीत पाहिल्याचे आठवले. त्याने एक खटका फिरवायला सांगितले. तो कुठे आहे हे कमांडर कॉनरॅडला उमगेना, ॲलन बीनला ठाऊक होते. मोहीम वाचली. २६ मार्च १९८७ ला ॲटलस-सेंटॉरचे नशीब एवढे नव्हते: विजेने संगणकाच्या स्मृतीतली नोंद बदलली, रॉकेट वळले आणि उपग्रहासकट गेले. विजेचे नियम कडक झाले ते त्यानंतर.

आज केंद्राच्या परिसरात तीसेक 'फील्ड मिल' आहेत. टेबल फॅनसारखे त्यांचे पाते फिरते, खालची पत्री आळीपाळीने झाकते-उघडते आणि डोक्यावरच्या विद्युतक्षेत्राचे माप मिळते. दहा सागरी मैलांच्या आत वीज चमकली की सर्वसाधारणपणे अर्धा तास थांबायचे.

बातम्यांत 'हवामान ६० टक्के अनुकूल' असे येते, त्याचा अर्थही एवढाच: नियम मोडला न जाण्याची शक्यता ६० टक्के. त्यात बहुधा तळावरचे आभाळच धरलेले असते. जून २०२५ मध्ये शुभांशु शुक्लांचे उड्डाण आधी एका दिवसाने ढकलले गेले ते उड्डाणमार्गावरच्या जोरदार वाऱ्यांमुळे. शिवाय यान अर्ध्या वाटेत सोडून द्यायची वेळ आली तर अंतराळवीर उतरणार अटलांटिकात. तिथल्या लाटाही पाहाव्या लागतात. त्या वाऱ्यांचा आणि लाटांचा हिशेब पुढच्या आठवड्यात.