हेक्टर तीन वाजता येतो

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला डार्विन शहर आहे. तिथून साधारण 80 किलोमीटरवर तिवी बेटं. पावसाळ्याच्या तोंडावर, नोव्हेंबर-डिसेंबरात, या बेटांवर जवळजवळ रोज दुपारी तीनच्या सुमारास एक ढग उभा राहतो. एकच, पण केवढा! माथा कधी कधी 20 किलोमीटरवर, म्हणजे एव्हरेस्टच्या दुपटीहून वर. दुसऱ्या महायुद्धात वैमानिक या ढगावरून दिशा ओळखत. त्यांनीच त्याला नाव दिलं, हेक्टर.

ऊन चढलं की बेट समुद्राआधी तापतं. दोन्ही किनाऱ्यांवरून खारे वारे आत शिरतात आणि मधोमध भिडतात. मग वाट उरते ती फक्त वरची. वर जाताना वाफेचं पाणी होतं, होताना ती आपली उष्णता हवेला देऊन टाकते आणि ऊबदार हवा आणखी वर धावते.

चार आसनांचं सेस्ना 172 विमान जेमतेम चार किलोमीटर चढतं. त्यामुळे हेक्टरच्या वरून जाणं नाहीच. अशा ढगापासून 20 मैल दूर राहायचं, किंवा मुकाट्याने सकाळीच काम उरकायचं.

ढगाखाली खेळ उलटा. पडता पडता थेंब सुकतात, हवेची उष्णता शोषतात. गार, जड हवा कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. उतरणाऱ्या विमानाला आधी समोरून वारा मिळतो, सगळं झकास वाटतं. काही सेकंदांत तोच वारा पाठीमागून येतो आणि पंखांचा आधार जातो.

पण मला चक्रावून टाकतं ते वेगळंच. बाहेर 30 अंश, अंगातून घामाच्या धारा, आणि विमानाच्या इंजिनात बर्फ! युक्ती आपल्या माठाचीच. हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यात हवेचा दाब उतरतो, पेट्रोलची वाफ होते आणि तापमान वीसेक अंशांनी, कधी त्याहूनही जास्त घसरतं. दमट हवेतलं पाणी तिथेच गोठून गळा आवळू लागतं. इंजिनाचे फेरे हळूहळू कमी होतात, इतके हळू की लक्षातही येऊ नये.

त्यावर इलाज म्हणजे समोरची एक मूठ. ती ओढली की एग्झॉस्टभोवतीची तापलेली हवा आत येते. बर्फ वितळतो, ते पाणी इंजिनात जातं आणि इंजिन खोकू लागतं. नवख्याला वाटतं, आपलंच चुकलं. तो मूठ घाईघाईने परत ढकलतो. मुरलेला वैमानिक खोकला थांबेपर्यंत ती ओढलेलीच ठेवतो.