रांग का लांबते?

बोईसरच्या बाजारात भर दुपारी एखादा दुकानदार निवांत पेपर वाचताना दिसेल. संध्याकाळी तारापूर औद्योगिक वसाहतीतली पाळी सुटली, वर डहाणू लोकल येऊन गेली, की त्याच दुकानात पाय ठेवायला जागा नसते. त्यात पगार नुकताच झालेला असेल तर विचारूच नका. हजाराहून कमी कामगार असलेल्या कारखान्यांनी ७ तारखेच्या आत पगार करावा, हे वळण १९३६ च्या वेतन कायद्यानं लावलं. गिऱ्हाईक येतं ते असं लाटेनं, आणि दिवसाची सरासरी काढून माणसं नेमणारा दुकानदार तिथंच फसतो.

बरं, लाट नसतानाही रांग लागतेच. कारण माणसं घड्याळ लावून येत नाहीत. या बेभरवशाच्या येण्याचं गणित कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांग या गणितज्ञानं १९०९ साली मांडलं. तिथं प्रश्न फोनचा होता, पण हिशेब गल्ल्यालाही लागू पडतो. समजा, एका गिऱ्हाइकाला सरासरी ३ मिनिटं लागतात, म्हणजे तासाला २० जणांची सोय. तासाला १० जण येत असतील तर प्रत्येकाला सरासरी ३ मिनिटं ताटकळावं लागतं. १६ आले तर १२ मिनिटं. आणि १८ आले तर? तब्बल २७ मिनिटं! गंमत म्हणजे गल्लेवाला तेव्हाही तासातली सरासरी ६ मिनिटं रिकामाच असतो.

म्हणजे १८ पैकी दोघांनाच दुसऱ्या वेळेला वळवलं, तरी खोळंबा निम्म्याहून कमी होतो. सकाळी यादी घेऊन संध्याकाळी सामान बांधून तयार ठेवणारा किराणा दुकानदार नेमकं हेच करतो, एर्लांगचं नावही न ऐकता. दोन गल्ले असतील तर रांग मात्र एकच हवी. जो मोकळा होईल त्यानं पुढचं गिऱ्हाईक घ्यावं. मग एखाद्याच्या लांबलचक बिलामागे कुणी अडकून पडत नाही.

कंटाळलेलं गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं. सरकारी कचेरीला शेजारी नसतो. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला, जिल्ह्याच्या कामासाठी ठाण्याला जाणं वाचलं. पण मोखाड्याहून आलेल्या माणसाचा नंबर संध्याकाळपर्यंत लागलाच नाही, तर परतीची एसटी हुकते आणि दुसऱ्या दिवसाची मजुरीही बुडते. सकाळीच टोकन देऊन अंदाजे वेळ सांगितली, तर तो तेवढ्यात झेरॉक्स काढून येईल, दोन घास खाईल. आणि कागद अपुरा असेल तर ते त्याला दारातच कळावं, चार तासांनी खिडकीशी नव्हे.